दारिद्र्याचे अनुरूपण : एका अध्यापनपद्धतीचा मागोवा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच वर्षीच्या आर्थिक संधी कायद्यामुळे ‘सामुदायिक कृती संस्था’, म्हणजे गरिबांच्या सहभागाने स्थानिक मदतकार्य चालवणाऱ्या संस्था, उभ्या राहिल्या. याच परंपरेतील मिसूरी राज्याच्या संघटनेने पुढे दारिद्र्याचे अनुरूपण, म्हणजे नेमून दिलेल्या भूमिकांतून गरिबीची कोंडी अनुभवण्याचा सराव, देशभर पोहोचवला आणि परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र व वैद्यक यांच्या अनेक महाविद्यालयांनी तो स्वीकारला.

या सरावात विद्यार्थ्यांची कुटुंबे केली जातात, सभागृहाच्या कडेने बँक, किराणा दुकान, गहाणवटीची पेढी आणि शाळा मांडली जाते आणि पंधरा मिनिटांचा एक आठवडा धरून महिना निभवावा लागतो. कोठेही जाण्यासाठी प्रवासाचा पास लागत असल्याने इतर गरजांचे पैसे त्यातच खर्च होतात. म्हणूनच तपासणी चुकवणाऱ्या रुग्णाला बेफिकीर ठरवण्यापूर्वी त्याच्या अडचणी विचारात घ्याव्यात, हा विचार सरावानंतरच्या चर्चेत पुढे येतो.

तथापि काही तासांत संपणारी गरिबी तिच्यातील दीर्घ अनिश्चितता शिकवू शकत नाही, असा आक्षेप घेतला जातो. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे स्थापन केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने निराळा मार्ग पत्करला: तेथे विद्यार्थ्यांची तुकडी एक खेडे दत्तक घेऊन शिबिरात राहते आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात. अनुरूपण पूर्वग्रह सैल करू शकते. कुटुंबाशी जडणारे नाते मात्र प्रत्यक्ष सहवासातूनच घडते.