औद्योगिक नियंत्रकांचे संदेशवहन : तारजोडणीचा इतिहास (१९६८-२०१८)

कारखान्यातील स्वयंचलनाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. ही यंत्रे ज्या तारांमधून परस्परांशी संवाद साधतात, त्या तारांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते.

१९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले-पॅनेलला पर्याय मागितला. उत्पादनात बदल झाला की रिलेंची तारजोडणी नव्याने करावी लागे. डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोडिकॉन ०८४' हा नियंत्रक सिद्ध केला आणि तर्क तारांतून निघून स्मृतीत गेला. तारा मात्र उरल्याच.

नियंत्रकांची संख्या वाढल्यावर मोडिकॉनने १९७९ मध्ये 'मॉडबस' ही संदेशपद्धती प्रसिद्ध केली. एकाने विचारावे आणि ज्याचा क्रमांक पुकारला त्यानेच उत्तर द्यावे, असा तिचा साधा नियम होता. (यातील 'मास्टर-स्लेव्ह' ही संज्ञा २०२० मध्ये सोडून देण्यात आली.) उपकरणांना १ ते २४७ यांपैकी क्रमांक मिळत असे. एकच क्रमांक दोघांना दिला गेल्यास दोन्ही उत्तरे एकमेकांत मिसळून निरर्थक होत.

आरएस-२३२ जोडणी जेमतेम १५ मीटरपर्यंत भरवशाची होती. १९८३ च्या आरएस-४८५ मानकाने हे अंतर, वेग कमी ठेवल्यास, सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेले. पीळ दिलेल्या दोन तारांवर बाह्य विद्युत्-गोंगाट जवळजवळ सारखाच येतो. ग्राहक-उपकरण केवळ दोन्ही तारांमधील फरक वाचते, म्हणून तो गोंगाट गळून पडतो. तथापि ही सवलत सशर्त होती. तार एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे सरळ रांगेत न्यावी, फाटे आखूड ठेवावेत, दोन्ही टोकांना सुमारे १२० ओहमचा रोध लावावा, मोटारींच्या वीजवाहिन्यांपासून अंतर राखावे आणि वेग व पॅरिटी सर्वत्र सारखी ठेवावी. रोध विसरला तर संदेश टोकावरून परावर्तित होऊन स्वतःलाच बिघडवतो.

जनरल मोटर्सनेच १९८० च्या दशकात 'मॅप' या सर्वसमावेशक योजनेचा पुरस्कार केला. परंतु ती खर्चिक व गुंतागुंतीची ठरली. इथरनेटवर 'संदेश केव्हा पोहोचेल याची शाश्वती नाही' असा आक्षेप होता. स्विचच्या प्रसाराने तो पुष्कळ अंशी निवळला आणि १९९९ मध्ये मॉडबस टीसीपी अवतरले. येथे एक गोष्ट विशेष नोंदवावी लागते. जुना संदेश जवळपास जसाच्या तसा नव्या आवरणात घातला गेला आणि त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. कारखान्याच्या भिंतीआड बंदिस्त तारेला तिची गरज कधी भासली नव्हती. भिंत हीच ओळख होती. कार्यालयीन जाळ्याशी जोडणी होताच हे गृहीतक ढासळले.

२०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने इराणमधील नतान्झ येथील सीमेन्स नियंत्रकांना लक्ष्य केले. तेथे मॉडबसचा दोष नव्हता, पण यूएसबी साधनांद्वारेही पसरणाऱ्या या प्रणालीने निव्वळ अलिप्त जाळ्यावरील विश्वास संपवला. मॉडबस संघटनेने २०१८ मध्ये प्रमाणपत्राधारित सुरक्षित आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या उपकरणांना ती वापरता येत नसल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र उपजाळे व फायरवॉल यांचीच तजवीज करावी लागते.