भागधारण, दीर्घकालीन

कंपनीचे भाग बाजारभावातील चढउतारावर लाभ मिळविण्यासाठी नव्हे, तर तिच्या उत्पन्नात व वाढीत अनेक वर्षे वाटेकरी राहण्यासाठी धारण करणे, म्हणजे दीर्घकालीन भागधारण होय. संयुक्त भांडवल कंपनीत एक पेच मुळातच असतो. गिरणीत वा पोलाद कारखान्यात गुंतलेले भांडवल वीस-तीस वर्षे मोकळे होत नाही. भाग मात्र एका दिवसात विकता येतो. ही सोय नसती, तर सामान्य माणसाने उद्योगात पैसा घातलाच नसता. परंतु तीच सोय त्याला मालकीच्या जबाबदारीतूनही मोकळे करते. महाराष्ट्रातील औद्योगिक इतिहास पाहता, भागधारकाच्या सद्‌वृत्तीपेक्षा सौदा केव्हा पुरा करावयाचा, व्यवस्थापकास मोबदला कशावर द्यावयाचा आणि नफ्यातील किती अंश राखून ठेवावयाचा, यांविषयीच्या नियमांनीच हा प्रश्न थोडाफार सुटत गेला, असे दिसते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या पैशाला उद्योगाची वाट नव्हती. तो बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांत शिरला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे प्रमुख सूत्रधार होते. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये दर्शनी किंमतीच्या भागाचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. बहुसंख्य सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाच्या वायद्याचे होते; म्हणजे खरेदीदारास भाग हवा नव्हता, फक्त त्या तारखेपर्यंतचा भावफरक हवा होता. युद्ध एप्रिलमध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले आणि बॅक बेचा भाग २,००० रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली. दलालांची संघटना स्थापन झाली ती त्यानंतर, १८७५ मध्ये. तिच्यातूनच पुढे मुंबई शेअर बाजार उभा राहिला.

या पडझडीचा तडाखा जमशेटजी टाटा यांच्या घराण्याच्या पेढीलाही बसला. हिंदी बँकेची शाखा काढण्याच्या हेतूने लंडनला गेलेल्या जमशेटजींना तेथे देणेकऱ्यांशी तडजोडी कराव्या लागल्या. मात्र या अनुभवाने ते लगेच दीर्घदृष्टीचे मालक झाले, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली आणि दोनच वर्षांत ती नफ्याने विकून टाकली. पुढे १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी त्यांनी काढली, तेव्हा मात्र विचार निराळा होता. गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडले गेले, कारण वऱ्हाड–वर्ध्याचा कापूस तेथे जवळ होता, रेल्वे येऊन पोहोचली होती आणि सुताला आसपासच्या विणकरांचे गिऱ्हाईक होते. जागा दलदलीची होती. तेथे भर घालण्यात पैसा जात असल्याचे पाहून एका सावकाराने हे सोने मातीत घालणे आहे असे म्हटल्याची आणि पुढे आपला शब्द मागे घेतल्याची आख्यायिका सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. आरंभीची स्वस्त यंत्रे कुचकामी ठरली. ती काढून नवी घालण्यात आली. रेल्वेच्या नोकरीतून आलेले बेझनजी मेहता यांच्याकडे व्यवस्थापन होते. हिंदुस्थानात नवीन असलेली रिंग पद्धतीची चाती येथे लवकर बसविली गेली आणि कामगारांसाठी निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधीच्या योजना कायद्याची सक्ती येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाल्या. लाभांश देण्याआधी यंत्रांची काळजी, हा क्रम भागधारकांनी येथे मान्य केला. कारण लाभांशही मिळत राहिला. तथापि हे तत्त्व कायमचे विमापत्र नव्हे. बदलत्या काळात हीच गिरणी तोट्यात गेली, १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली.

व्यवस्थापन अभिकरण पद्धतीत दीर्घकालीन जबाबदारी अभिकर्त्या पेढीकडे असे. परंतु अनेक गिरण्यांत तिचे कमिशन उत्पादनाच्या पौंडामागे ठरलेले होते. माल पडून राहिला, तरी अभिकर्त्यास मोबदला मिळे. जमशेटजींनी नफ्यावर आधारलेल्या कमिशनचा पर्याय पुढे आणला, ही या इतिहासातील फारशी न गायिली गेलेली पण महत्त्वाची गोष्ट होय. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या अनेक गिरण्यांनी घसाऱ्याची पुरेशी तरतूद न करता भरघोस लाभांश वाटले व पुढील मंदीत त्याची किंमत मोजली. १९३६ च्या दुरुस्तीने अभिकर्त्यांची मुदत वीस वर्षांवर आणली. १९७० मध्ये ही पद्धतीच रद्द झाली.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनी (१९०७) हे भागधारकांच्या सबुरीचे मोठे उदाहरण. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा सु. तीन आठवड्यांत सु. ८,००० हिंदी भागधारकांनी ते पुरविले. पोलाद निघण्यास १९१२ साल उजाडले. १९२४ च्या संकटात दोराबजी टाटा यांनी आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवली आणि त्यानंतर साधारण भागधारकांस कित्येक वर्षे लाभांश मिळाला नाही.

याहून निराळी वाट प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने (१९५०) दाखविली. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेत भाग ऊस उत्पादकाकडेच राहतो, बाजारात जात नाही आणि एका सभासदास एकच मत असते. सट्टा त्यामुळे उरला नाही. राजकारण मात्र आले.

बदला पद्धत २००१ मध्ये बंद झाली. परंतु तिच्या आधीच, २००० मध्ये, निर्देशांकाचे वायदे सुरू झाले होते. सेबीच्या २०२४ मधील अभ्यासानुसार मागील तीन वर्षांत समभागांच्या वायदे–विकल्प व्यवहारांत उतरलेल्या सु. ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. प्राप्तिकर कायदा सूचिबद्ध समभाग बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तो दीर्घकालीन मानतो. गिरणीच्या यंत्राच्या आयुष्याशी ताडून पाहता ही मुदत फारच तोकडी आहे. फ्रान्सने २०१४ च्या कायद्याने निदान दोन वर्षे नोंदणीकृत भाग धारण करणाऱ्यास, कंपनीने विरोधी ठराव न केल्यास, दुप्पट मताधिकार दिला. भारतात मताधिकार धारणकालाशी जोडलेला नाही.