नदीच्या थंड पाण्यातून ऊब : झुरिचच्या हीट पंपाची कथा

१/११
साल १९३८. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहर. लिमाट नदीच्या पात्राला लागून १६९८ साली पूर्ण झालेले नगरभवन उभे आहे. त्या वर्षापासून या वास्तूतील दालने लाकडावर वा कोळशावर नव्हे, तर शेजारून वाहणाऱ्या नदीच्या थंड पाण्यातील उष्णतेवर तापू लागली. हे कसे घडले, याचा मागोवा घेणारा हा थ्रेड.

२/११
थंड पाण्यात उष्णता कुठली, असा प्रश्न साहजिक आहे. पाणी ५ अंश सेल्सिअसवर असले तरी त्यात उष्णता असतेच. अडचण एवढीच, की ती आपणहून उबदार खोलीकडे जात नाही. विहिरीतील पाणी मोटेने वर ओढावे, तशी तिला वर चढवावी लागते. बैल पाणी निर्माण करीत नाहीत, ते फक्त वर आणतात. हीट पंपातील वीज हेच काम करते.

३/११
यंत्रात सहज उकळणारा एक द्रव फिरत असतो. नदीच्या पाण्यातील उष्णता शोषून त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तसे तिचे तापमान वाढते. मग ती उष्णता खोलीला देऊन तिचा पुन्हा द्रव होतो. घरातील फ्रिजही असाच चालतो. आतली उष्णता तो बाहेर टाकतो, म्हणून त्याची मागची बाजू गरम लागते.

४/११
ही कल्पना १९३८ साली नवी नव्हती. १८२४ मध्ये फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी उष्णता आणि कार्य यांचे नाते उलगडले. १८५२ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेल्या शास्त्रज्ञांनी, यंत्राच्या साहाय्याने बाहेरच्या हवेतील उष्णता इमारतीत आणता येईल, असे दाखवून दिले.

५/११
१८५६-५७ मध्ये ऑस्ट्रियाच्या पेटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्से येथील मिठाच्या कारखान्यात हे तत्त्व वापरून पाहिले. खारे पाणी आटवताना निघणारी वाफ दाबून तीच पुन्हा तापवण्यासाठी वापरायची, अशी त्यांची योजना होती. यंत्राला बळ मिळत होते वाहत्या पाण्याचे. हीट पंप आणि नवीकरणीय ऊर्जा यांची सोबत इतकी जुनी आहे.

६/११
तरीही घरे तापवण्यासाठी हे तंत्र रुजले नाही. युरोपच्या औद्योगिक देशांत कोळसा मुबलक होता. तो शेगडीत टाकला की काम भागत असे. गुंतागुंतीच्या यंत्रावर पैसा खर्च करण्याची निकड कुणालाच भासली नाही. तत्त्व ग्रंथांत सिद्ध झाले आणि तेथेच राहिले.

७/११
स्वित्झर्लंडची स्थिती निराळी होती. या देशापाशी नाव घेण्याजोगा कोळसा नाही, आल्प्सवरून कोसळणारे पाणी मात्र विपुल. पहिल्या महायुद्धातील कोळसाटंचाईने देश पोळला होता. त्यानंतर रेल्वेच्या विद्युतीकरणाला वेग आला आणि १९२२ पर्यंत गोटहार्डचा डोंगरी मार्ग विजेवर चालू लागला. पुढचा प्रश्न होता घरांच्या उबेचा.

८/११
नगरभवनातील हीट पंप एशर व्हिस या झुरिचच्याच कंपनीने बसवला. त्याची उष्णता देण्याची क्षमता सुमारे १०० किलोवॉट होती आणि उन्हाळ्यात तेच यंत्र दालने थंडही करू शकत असे. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. १९४० मध्ये फ्रान्सच्या पाडावानंतर स्वित्झर्लंड जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्राच्या वेढ्यात सापडला आणि कोळशासाठी त्याला जर्मनीच्याच तोंडाकडे पाहावे लागले.

९/११
अशा काळात, १९४१ मध्ये, झुरिचचा बंदिस्त सार्वजनिक जलतरण तलाव खुला झाला. त्याचे पाणी तापवण्यासाठीही हीट पंपाची योजना होती. निवड अचूक होती. तापमान जितके कमी चढवायचे, तितकी वीज कमी लागते, आणि पोहण्याचे पाणी कोमट असले तरी पुरते. युद्धकाळातच ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या परिसरालाही लिमाटच्या पाण्यावरील पंपांतून ऊब मिळू लागली.

१०/११
युद्ध संपले आणि खनिज तेल स्वस्त झाले. घरोघरी तेलाचे बॉयलर आले, हीट पंप पुन्हा मागे पडला. १९७३ च्या तेलसंकटाने युरोपला त्याची आठवण करून दिली. मात्र हा इतिहास निष्कलंक नाही. नगरभवनाच्या यंत्रातील आर-१२ हे द्रव्य पुढे ओझोनच्या थराला घातक ठरले. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने अशा द्रव्यांवर निर्बंध आणले.

११/११
ते यंत्र २००१ मध्ये, तब्बल ६३ वर्षांनी निवृत्त झाले. त्याच्या जागी आला तो दुसरा हीट पंपच. थॉमसन यांच्या निबंधापासून नगरभवनापर्यंत ८६ वर्षे गेली. या काळात ज्ञानाची वाण नव्हती. स्वस्त कोळशामुळे त्याची गरज कुणाला वाटली नाही, आणि पुढे स्वस्त तेलाने तीच विस्मृती पुन्हा घडवली. म्हणून एखादे तंत्र 'नवे' म्हणून समोर आले, की मित्रहो, एक प्रश्न अवश्य विचारावा : हे आजवर कुठे होते, आणि कशामुळे मागे राहिले?