विंचूदंशजन्य तीव्र फुप्फुसशोफ

लाल विंचवाच्या दंशानंतर काही तासांतच फुप्फुसांतील वायुकोशांत द्रव साचतो व श्वसनक्रिया निष्फळ होऊ लागते. या अवस्थेस विंचूदंशजन्य तीव्र फुप्फुसशोफ म्हणतात. रुग्णास धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. लहान मुलांना हा धोका विशेष असतो. मोठा काळा विंचू दिसण्यास भयंकर असला, तरी त्याचे विष सामान्यतः सौम्य असते, प्राणघातक ठरतो तो त्याहून लहान असलेला लाल विंचू (हॉटेन्टोटा टॅम्युलस, पूर्वीचे नाव मेसोब्यूथस टॅम्युलस).

कोकणात भातशेती, गवताच्या गंजी, सरपण आणि कौलारू घरे यांमुळे माणसाचा या विंचवाशी नित्य संबंध येतो. दंशानंतर फुप्फुसशोफ होतो, ही नोंद मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात केली होती. मात्र उपचार दीर्घकाळ अनिश्चितच राहिले. वेदनाशामके, गुंगी आणणारी औषधे, स्टेरॉइडे, अ‍ॅट्रोपीन अशी औषधे दिली जात. त्यांपैकी अ‍ॅट्रोपीन तर हृदयाची गती वाढवून अपायच करी.

हिंमतराव साळूबा बावस्कर हे १९७६ मध्ये तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांचा क्रम टिपला. वांती, भरपूर घाम, थंडगार हातपाय व मुलग्यांत शिश्नाचा ताठरपणा ही चिन्हे हृदयविकारापूर्वी दिसतात, हे त्यांनी १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडले. विषामुळे तंत्रिकांतील सोडियम मार्ग उघडे राहतात व अनुकंपी तंत्रिका तंत्रातून कॅटेकोलअमाइने मोठ्या प्रमाणावर रक्तात येतात. रोहिण्या आकुंचित होऊन रक्तदाब चढतो, हृदयाचा डावा भाग थकतो आणि द्रव फुप्फुसांत उतरतो. म्हणजे मूळ बिघाड फुप्फुसाचा नसून मुख्यतः रक्ताभिसरणाचा असतो. अमेरिकेत १९६७ मध्ये अ‍ॅशबॉ व सहकाऱ्यांनी १२ रुग्णांवरून वर्णिलेल्या तीव्र श्वसन त्रास लक्षणसमूहाहून तो या बाबतीत भिन्न आहे.

बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते शिरेतून थेंबथेंब, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते. खेड्यातील दवाखान्यात हे कठीण. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध मात्र तोंडाने देता येते. अल्फा ग्राहींना अटकाव करून ते विषाच्या परिणामांना मुळाशीच विरोध करते. दर किलोग्रॅम वजनास ३० मायक्रोग्रॅम ही मात्रा हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी देतात. बावस्करांच्या आकडेवारीनुसार पश्चिम भारतात १९६१–८३ या काळात २५ ते ३० टक्के असलेले मृत्युप्रमाण १९८४ नंतर एक टक्क्याखाली आले. या घटीत रुग्ण लवकर दवाखान्यात येऊ लागण्याचाही वाटा असावा. तरी तिचे मुख्य श्रेय प्राझोसिनकडेच जाते.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्याच्या रक्तरसापासून प्रतिविष तयार होऊ लागले. हिंमतराव व त्यांच्या पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांस प्राझोसिन दिले होते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषासह ३५ पैकी ३२, तर केवळ प्राझोसिनने ८ होते. हिंमतराव बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राझोसिनचा गुण दंशानंतर ते किती लवकर मिळते यावर अवलंबून असल्याने पहिली मात्रा गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच द्यावी लागते.