आंदणाचा किल्ला आणि नगरची तोफ

अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही या दोन्ही बहमनी राज्य मोडून उभ्या राहिलेल्या सत्ता. १५२४ साली बुऱ्हाण निजामशहाचा विवाह इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झाला. सोलापूरचा किल्ला आंदण ठरला होता, असे नगरकर म्हणत. विजापूरकर तो देईनात. सोयरिकीतूनच वैर निघाले. पुढे चांदबिबीच्या लग्नात तेच सोलापूर विजापूरला आंदण गेले. १५६५ साली तालिकोटला दोघे विजयनगराविरुद्ध एकत्र लढले. पण ती एकी टिकली नाही.

या वैराची साक्ष एक तोफ देते. १५४९ साली नगरला ‘मलिक-इ-मैदान’ ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. तीवर रूमी उस्तादाचे नाव कोरलेले आहे, भाते ओढणाऱ्यांचे नाही. १६३२ साली ती परांड्याहून विजापूरला गेली. चारशे बैल जुंपले होते, असे सांगतात. ते कोणाच्या तरी दावणीचेच असणार! बैल गेला म्हणजे काय जाते, हे काष्टीच्या बाजारकऱ्यांना आम्ही काय सांगावे?

१६३६ साली शहाजहान आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली. पन्नास वर्षांनी औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि त्याच तोफेवर आपला विजयलेख कोरविला.

एका कारखान्यात दोन युनियना भांडल्या की फायदा कोणाचा होतो, हे आम्ही कामगार चळवळीत पाहिले आहे. म्हणून हा इतिहास आम्हांला केवळ शहांचा वाटत नाही.