ठोशाची तारीख

चित्रांची पुस्तके वाचण्याचे माझे वय केव्हाच सरले. तरी परवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीतून एक जुने चित्रपुस्तक हाती आले, आणि हातातले फडके बाजूला ठेवून मी तिथेच बसकण मारली. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’ या मालिकेचा पहिला अंक. अर्थात मूळचा नव्हे, त्याचे पुनर्मुद्रण.

शाळकरी वयात ह्या मुखपृष्ठावर मला दिसला होता तो फक्त ठोसा. निळ्या-तांबड्या वेषातला वीर हिटलरच्या थोबाडावर गुद्दा हाणतो आहे आणि नाझी शिपायांच्या गोळ्या त्याच्या ढालीवर आपटून उडताहेत! मुलाला आणखी काय हवे? या खेपेस मात्र नजर खिळली ती तारखेवर.

अंकावर मार्च १९४१ छापले असले, तरी तो विक्रीला आला २० डिसेंबर १९४० रोजी. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले ते ७ डिसेंबर १९४१ रोजी. म्हणजे हा ठोसा बसला तेव्हा अमेरिका युद्धात नव्हतीच, आणि बहुसंख्य अमेरिकनांना त्यात पडायचेही नव्हते. उलट २० फेब्रुवारी १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नाझीभक्तांची सभा भरली होती, आणि तिला सुमारे २०,००० माणसे जमली होती.

अशा हवेत हे चित्र काढणारे दोघे कोण? जो सायमन, वय २७, आणि जॅक कर्बी, वय २३. दोघेही कपडे शिवण्याच्या धंद्यातल्या ज्यू बापांचे लेक. त्यांचा नायक स्टीव्ह रॉजर्स हा सैन्याने नाकारलेला काटकुळा पोरगा. एका शास्त्रज्ञाच्या औषधाने तो बलदंड होतो. दहा सेंटांच्या त्या अंकाच्या जवळजवळ दहा लाख प्रती खपल्या. त्याबरोबर धमक्याही आल्या. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः दूरध्वनी करून संरक्षणाचे आश्वासन दिले, असे सायमनने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

कर्बीचे शौर्य कागदावरच राहिले नाही. १९४३ साली तो सैन्यात दाखल झाला, १९४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला, आणि त्या हिवाळ्यात हिमदंशाने त्याचे पाय जाता जाता वाचले. औषधाची सुई त्याला कोणी टोचली नव्हती!

आता दुसरी तारीख पाहा. १९५४ साली हाच वीर कम्युनिस्टांचा कर्दनकाळ म्हणून पुन्हा बाजारात आणला गेला. ढाल तळपत होती, ठोसेही होते. पण तीन अंकांतच मालिका आटोपली. मला वाटते, सारा देश ज्याच्यावर मूठ उगारून उभा आहे, त्याच्यावर आणखी एक मूठ उगारायला छाती लागत नाही. आणि ही गोष्ट पोरांनाही कळते.

एवढ्यात नातू माळ्यावर डोकावला. ढालवाल्याला त्याने लांबूनच ओळखले. सिनेमात पाहिला होता. मग मुखपृष्ठावर बोट ठेवून विचारले, “आजोबा, हा मार खाणारा मिशीवाला कोण?”

मी त्याला शेजारी बसवून घेतले. साफसफाई त्या दिवशी तशीच राहिली.