प्रगत तंत्रज्ञान नौका प्रकल्प

प्रगत तंत्रज्ञान नौका प्रकल्प (एटीव्ही प्रकल्प) हा अणुऊर्जेवर चालणारी क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी भारतात बांधण्यासाठी हाती घेतलेला गोपनीय प्रकल्प होय. आयएनएस अरिहंत ही पाणबुडी याच प्रकल्पातून साकारली. तिच्या अणुभट्टीवरील संशोधन ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. (ट्रॉम्बेलाही मराठीत तुर्भे म्हणतात, ठाणे जिल्ह्यातील नवी मुंबईचे तुर्भे ते वेगळे.)

पार्श्वभूमी

सोव्हिएत संघाने सप्टेंबर १९५५ मध्ये पाणबुडीवरून पहिले बॅलिस्टिक क्षेपणास्त्र डागले. मात्र ती पाणबुडी डिझेलवर चालणारी होती आणि क्षेपणास्त्र सोडण्यासाठी तिला पाण्याबाहेर यावे लागले. अणुभट्टीमुळे पाणबुडी महिनोन्‌महिने पाण्याखाली दडून राहू शकते. अमेरिकेच्या यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टनने २० जुलै १९६० रोजी पाण्याखालूनच पोलारिस क्षेपणास्त्र सोडले. घाईची किंमतही मोजावी लागली. सोव्हिएत के-१९ पाणबुडीत जुलै १९६१ मध्ये अणुभट्टीची शीतन यंत्रणा बिघडली आणि तीव्र किरणोत्सर्गाने आठ नौसैनिक काही आठवड्यांतच दगावले.

अणुभट्टीचा प्रश्न

भारतात या कामाला १९७० च्या दशकात सुरुवात झाली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज निर्माण होत होती. परंतु जमिनीवरील अणुभट्टीचा अनुभव येथे फारसा उपयोगी नव्हता. भारताने पुढे विकसित केलेल्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरणाऱ्या, म्हणजेच आकाराने मोठ्या होत्या. पाणबुडीच्या अरुंद कायेत बसणारी, हेलकावे सोसणारी आणि शक्ती झटपट कमी-जास्त करता येणारी अणुभट्टी हवी होती. तिच्यासाठी समृद्ध युरेनियम लागते व ते भारताला कोणी विकणार नव्हते. त्यामुळे म्हैसूरजवळील रत्नहळ्ळी येथे ते देशातच तयार करण्यात आले.

आराखड्यांवरून मतभेदही झाले. त्यांवर टीका करणारे नौदल अधिकारी कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांना १९८८ मध्ये मुंबई विमानतळावर हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले.

चक्र आणि अरिहंत

सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली आयएनएस चक्र १९८८ ते १९९१ या काळात भारतीय नौदलात होती. ती क्रूझ क्षेपणास्त्रे वाहणारी आण्विक पाणबुडी होती आणि भारतीय नौसैनिकांनी अणुभट्टीवर चालणारी नौका प्रथम हाताळली ती तिच्यावरच.

अरिहंतच्या अणुभट्टीची जमिनीवरील प्रतिकृती कल्पक्कम येथे २००६ मध्ये कार्यान्वित झाली. या पाणबुडीचे जलावतरण २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे झाले. त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष, भाभा केंद्राचे माजी संचालक अनिल काकोडकर होते. पाणबुडीतील ८३ मेगावॉटची अणुभट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झाली. अरिहंतवरील के-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ७५० किलोमीटर आहे. पहिल्या पोलारिसचा पल्लाही सुमारे २,२०० किलोमीटर होता, हे पाहता या मर्यादेची कल्पना येते. सुमारे ३,५०० किलोमीटर पल्ल्याचे के-४ हे क्षेपणास्त्र त्यासाठीच विकसित करण्यात आले.